उपरी

धाकट्या भावाच्या ग्रीन कार्डासाठी नावासकट जन्मदाखला हवा होता, म्हणून साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेलो. जुन्या नोंदवहीत तारीख होती, वडिलांचं नाव होतं. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. जन्माची वर्दी दिली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि नंतर ते नोंदवायचं कुणाला सुचलंच नाही. शेवटी आत्यानं प्रतिज्ञापत्र केलं, की हा मुलगा अमुक दिवशी याच घरात माझ्यासमोर जन्मला. सही करता करता ती म्हणाली, "इतकी वर्षं तिथं राबतोय, ते नाही का रे धरत?"

नाही धरत. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, मिळतात, त्यांतच बायकामुलंही मोजलेली. एका देशाच्या वाट्याला सहसा सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत, आणि देश धरायचा तो जन्माचा. भारताला जेवढं माप, तेवढंच आइसलँडला. १९६५ साली वंशावर बेतलेला जुना कोटा मोडून सर्वांना एकच माप लावायचं ठरलं, त्यामागची भावना उदारच होती. पण आजचे आकडे ज्या १९९० च्या कायद्यातले, त्याच कायद्यानं एच-वन-बी हा तात्पुरता व्हिसाही आणला, आणि त्याला देशवार मर्यादा नाही. कामाला बोलावताना जन्मगाव विचारायचं नाही, राहू द्यायची वेळ आली की विचारायचं. हा अन्याय आहे, असंच मला वाटतं.

मराठी मुलखाला हा भेद नवा नाही. पेशवाईत देशावरच्या गावांत कुणबी दोन प्रकारचे असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. उपरी बाहेरून आलेला, मुदतीच्या बोलीनं कसणारा. आपला 'उपरा' याच कुळातला. मात्र उपऱ्यालाही मोल भरून मिरासपत्र करून घेता येई, आणि तेव्हा त्याचा जन्म कुठला हे आड येत नसे. मिरासदाराचा आणखी एक हक्क मला फार अर्थपूर्ण वाटतो: तो दुष्काळात परागंदा झाला, वर्षानुवर्षं फिरकला नाही, तरी परत येऊन आपली जमीन मागू शके.

भाऊ २००८ साली न्यू जर्सीत गेला. कामगार खात्याकडे कंपनीचा अर्ज पोहोचला तो २०११ मधला दिवस त्याची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतली जागा, झाला. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारं परराष्ट्र खात्याचं पत्रक दर महिन्याला निघतं. तारीख कधी पुढे सरके, कधी चक्क मागे जाई. त्याच्या एच-वन-बीची सहा वर्षं संपल्यावर मुदतवाढीवर मुदतवाढ. घरात थोरली मुलगी पुण्यात जन्मलेली, धाकटा तिकडचा नागरिक: एका ताटात जेवणारी भावंडं, एक उपरी, एक मिरासदार. काही सवलती सोडल्या, तर एकविसावं सरलं की मुलगी बापाच्या रांगेतून बाहेर पडणार होती. भावजय तिच्या वाढदिवसाला वर्षं मोजायची, आणि ओवाळताना तिचा हात थरथरायचा.

२०१६ मध्ये वडील गेले तेव्हा भाऊ आला नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. आला असता तर मुंबईत पुन्हा स्टॅम्पिंग करावं लागलं असतं. तिथं कागद अडकले, तर नोकरी, घराचे हप्ते, मुलीची शाळा सगळं तिकडं अधांतरी. दहाव्याला मी नदीकाठी फोन धरून उभा होतो. कावळा शिवला तेव्हा पडद्यावर त्याचा चेहरा नव्हता, नुसता स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. फोन ठेवून तो बाजूला गेला होता.

तेव्हापासून 'कायम' या शब्दाचा अर्थ मला राहण्यात सापडत नाही, निर्धास्त उठून जाता येण्यात सापडतो. या बाबतीत ग्रीन कार्डही मिरासीच्या तोडीचं नाही: परवान्याशिवाय वर्षाहून जास्त बाहेर राहिलं, तर तो हक्क धोक्यात येतो. इथल्या सातबाऱ्यावर मात्र वडिलांमागे त्याचं नाव लागलंय. वीस वर्षांनी आला तरी ते तिथंच असेल.

कार्ड २०२२ मध्ये आलं. त्या दिवाळीत तो गावी आला. याआधी आला की आधी मुंबईची अपॉइंटमेंट, मग गाव. या खेपेला विमानतळावरून थेट आला, वडिलांच्या फोटोसमोर बराच वेळ बसला. आत्यानं भाकरी वाढत विचारलं, "किती दिवस आहेस रे?"

"तिकीट पंधरा दिवसांचं आहे," तो म्हणाला, "पण तारीख बदलता येते."