कुरकुर आणि गाऱ्हाणे

दुःख प्राप्त झाले असता परमेश्वरापाशी तक्रार करणे हा श्रद्धेचा भंग होय काय? भक्तिमार्गाने चालणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. ख्रिस्ती धर्मातील उपदेशकांचे सामान्यतः सांगणे असे की, संकटकाळी कुरकुर करू नये, देवावर भरवसा ठेवावा. हे सांगणे योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ नीट ध्यानी न आल्यास त्यातून निष्ठुरता जन्मास येते. म्हणून कुरकुर कशास म्हणावे, याचा निर्णय आधी केला पाहिजे.

बायबलातील ‘निर्गम’ ग्रंथात इस्राएल लोकांची कथा आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटून ते अरण्यात आले. अन्नाची वाण पडताच ते मोशे व अहरोन यांच्यावर उलटले आणि दास्यातील पोटभर जेवणाची आठवण काढू लागले. भूक खरी होती. भूक लागणे हा दोष नव्हे. त्यांना रोज सकाळी मान्ना नावाचे अन्न मिळू लागले, ते त्या दिवसापुरतेच. शब्बाथाचा आदला दिवस सोडला, तर उद्यासाठी राखलेले अन्न नासून जाई. तात्पर्य, भरवसा हादेखील रोजच्या रोज नवा ठेवावा लागतो. पुढे वचनदत्त देशाच्या सीमेवर पोहोचल्यावर भयाने ते आपापल्या तंबूंत कुरकुर करू लागले, आणि देव आपला द्वेष करतो असे म्हणू लागले, हे ‘अनुवाद’ ग्रंथात सांगितले आहे. ज्याने सोडवून आणले त्याच्याकडे पाठ फिरवून, त्याच्या उपकाराचा अर्थ द्वेष असा लावणे, हे कुरकुरीचे लक्षण होय.

येथे अशी शंका येते की, मग ईयोबाचे काय? त्याचे सात पुत्र, तीन कन्या आणि सर्व धन गेले. अंगभर गळवे उठली. आरंभी त्याने ते शांतपणे स्वीकारले. परंतु पुढे त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि प्रत्यक्ष देवापुढे आपला वाद मांडण्याची मागणी केली. ही कुरकुर नव्हे काय?

याचे समाधान त्याच ग्रंथाच्या शेवटी आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याला सांगत राहिले की, दुःख हे पापाचेच फळ असते, तेव्हा तूही काही पाप केलेच असशील. देवाचा कोप झाला तो या मित्रांवर. अज्ञानाने बोलल्याबद्दल ईयोबालाही देवाने खडसावले. तथापि आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोबच, असा निवाडा दिला. कारण उघड आहे. मित्र देवाविषयी पुष्कळ बोलले, परंतु देवाशी एक शब्दही बोलले नाहीत. ईयोबाने गाऱ्हाणे केले, ते मात्र धन्याच्याच दारी. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या दारी गाऱ्हाणे घेऊन कोण जातो? खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली, आणि मग पित्याची इच्छा शिरी धरली. विनवणी केली म्हणून त्याची श्रद्धा उणी ठरली नाही.

हा विचार केवळ ग्रंथापुरता नाही, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण निवर्तली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु श्रद्धा म्हणजे प्रश्न विचारणे सोडून देणे, असे त्यांनी कधी मानले नाही. तेथील धर्मगुरूंशी व भगिनींशीही त्या वाद करीत राहिल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा स्वतःच्या उपासमारीचे दिवस आठवून त्या मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. तेव्हाही हाती घेतलेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. पुढच्याच वर्षी त्यांचा देहान्त झाला. गेलेली माणसे परत आली नाहीत. परंतु जे दुःख स्वतः भोगले, तेच दुसऱ्याच्या दारी दिसताच त्या धावून गेल्या.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. स्वतःवर दुःख आले असता ते दडपू नये. जसे असेल तसे देवापुढे मांडावे आणि त्या दिवसाचे कर्तव्य करावे. दुसऱ्यावर दुःख आले असता मात्र भरवशाचा उपदेश करण्याची घाई करू नये. ईयोबाचे मित्र प्रथम आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर मुकाट बसले होते. त्यांच्या हातून घडलेली खरी सेवा तेवढीच. तोंड उघडताच ती वाया गेली. दुःखिताला ‘कुरकुर करू नकोस’ असे सांगण्यापूर्वी, आपण त्याच्याजवळ किती वेळ बसलो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.