मागणी आली की आधी विद्यार्थ्याला सांगा

1966 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने मिशिगन विद्यापीठाला समन्स धाडलं. ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ हुडकणं हे या समितीचं काम, आणि त्या दिवसांत ती व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांच्या मागे लागली होती. तिला विद्यार्थी संघटनांच्या सदस्यांच्या याद्या हव्या होत्या. विद्यापीठ न्यायालयात गेलं नाही. 65 विद्यार्थी-प्राध्यापकांची नावं समितीच्या हाती पडली.

त्या याद्या पोलिसांनी धाड घालून जमवलेल्या नव्हत्या. विद्यापीठाच्याच दफ्तरात, रोजच्या कामकाजाच्या कागदांत त्या होत्या. विद्यार्थी पत्ता देतो, पालकांचं उत्पन्न सांगतो, आजारपणाचं प्रमाणपत्र जोडतो, कारण त्याशिवाय प्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांतलं काहीच मिळत नाही. नाही म्हणायची सोय नसताना दिलेली ही माहिती आहे. म्हणूनच ती सांभाळणाऱ्यावरची जबाबदारी मला जास्त वाटते.

मिशिगननंतर वर्षभरातच ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ने विद्यापीठांना सल्ला दिला, की विद्यार्थी संघटनांच्या सदस्यांच्या याद्या ठेवणंच बंद करा, राजकीय मतांशी संबंध असलेल्या संघटनांच्या तर नकोतच. या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल मला हेच वाटतं. समन्स आल्यावर धैर्य दाखवणं फार थोड्यांना जमतं. नको ते कागद मुळात न साठवणं कुठल्याही कार्यालयाला जमू शकतं.

1974 मध्ये तिथे विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयी कायदा झाला. न्यायालयाचा आदेश किंवा समन्स असेल तर संमतीशिवाय माहिती देण्याची मुभा या कायद्यात आहे. मात्र देण्यापूर्वी विद्यार्थ्याला कळवण्याचा रास्त प्रयत्न विद्यापीठाने करायला हवा, म्हणजे त्याला न्यायालयात जाऊन हरकत घेता येते. काही फौजदारी समन्स आणि 2001 नंतरचे दहशतवादविषयक आदेश याला अपवाद आहेत. तरीही मूळ तत्त्व मोलाचं आहे. तपासाला कोणी नाही म्हणत नाही. ज्याच्याविषयी तपास चाललाय, त्याला बोलायला वेळ मिळावा, एवढंच.

हा वेळ किती कामाचा असतो, ते आयोवातल्या ड्रेक विद्यापीठात दिसलं. तिथे भरलेल्या एका युद्धविरोधी सभेविषयीची कागदपत्रं 2004 मध्ये समन्स काढून मागवण्यात आली. विद्यापीठाने याविषयी बोलूही नये, असा आदेश सोबत होता. तरी गोष्ट बाहेर आली, देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच समन्स मागे घेण्यात आलं.

2025 मध्ये अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठात मात्र उलट क्रम दिसला. ज्यूद्वेषाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या केंद्रीय शिक्षण खात्याला विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी मिळून सुमारे 160 जणांची नावं ऑगस्टमध्ये देण्यात आली. त्यांना ते कळवलं गेलं सप्टेंबरमध्ये. ज्यूद्वेषाची चौकशी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नाव गेल्यावर आलेलं पत्र हरकत घेण्याच्या कामी येत नाही. त्यातून परदेशी विद्यार्थी असेल, तर व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर असतेच. पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत शिकताहेत. मोर्चात उभं राहावं की खोलीतच बसावं, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचा आहे.

आपल्याकडे तर पूर्वसूचनेची तेवढीही हमी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, आपली माहिती कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा हक्क आहे. पण गुन्ह्याच्या तपासासाठी अधिकृत यंत्रणेने लेखी मागणी केली असेल, तर तो हक्क लागू होत नाही. म्हणजे विद्यार्थ्याने विचारलं तरी सांगण्याचं बंधन विद्यापीठावर नाही.

सांगायला सरसकट बंदीही नाही. तेव्हा एखाद्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने साधासा ठराव करावा. माहितीची मागणी लेखीच घ्यावी, ती कुठल्या कायद्याखाली आहे ते कुलसचिवांनी तपासावं, मागितलं तेवढंच द्यावं, आणि कायदा आड येत नसेल तिथे कागद हलण्यापूर्वी विद्यार्थ्याला कळवावं. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचं कारण नाही.