बर्फाची पेटी

कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या आणि जाळी. मान वर केली की कचेऱ्यांचे मनोरे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर, शक्यतो आपल्याच परिसरात, खर्चावे लागतात. हे कार्य धंद्याच्या धोरणाशी जुळते असावे, असा विचार मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २००६ साली मांडला.

समजा, मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीने कोळणींना बर्फाच्या पेट्या दिल्या. मासळी टिकली, भाव वाढला, कंपनीलाही ताजा माल मिळाला. यात मला पाप दिसत नाही. डाव्या हाताला कळू न देता दान करावे, ही प्रभूची शिकवण दिखाऊपणाविरुद्ध आहे, परस्परहिताविरुद्ध नव्हे.

परंतु पेटीबरोबर ‘मासळी आम्हालाच घाला’ अशी अट आली तर? मग ती पेटी म्हणजे व्यापाऱ्याची जुनी उचलच. नेहमीच्या धंद्याचा व्यवहार कायदा या खर्चात धरत नाही. पण तोंडी अट कोणत्या हिशेबात दिसणार? कोळीण ‘हो’ म्हणते, हे खरे. मात्र गरजेपोटी मान्य केलेली मजुरी तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये बजावले आहे.

तेव्हा अहवालात पेट्या किती वाटल्या हे जरूर छापावे. त्याखाली, किती कोळणींनी त्याच पेटीतली मासळी दुसऱ्या व्यापाऱ्याला निर्धास्तपणे विकली, तेही.