लष्करी अधिकारी व्हावे का? अर्ज भरण्याआधी धम्म काय विचारतो





दुहैल आणि आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुले आता अकरावी-बारावीला आली आहेत. इंजिनीअरिंग, मेडिकल, कॅनडा, जर्मनी या नेहमीच्या चर्चेत अलीकडे आणखी एक प्रश्न ऐकू येतो : "मला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. बौद्ध माणसाने सैन्यात अधिकारी व्हावे का? रोज पहिले शील म्हणायचे आणि हातात शस्त्रही घ्यायचे, हे कसे जमायचे?" प्रश्न मुलांचा आहे आणि मुलींचाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएची दारे मुलींना उघडली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली.

प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे आधी अभिनंदन करावेसे वाटते. पगार किती, सुट्ट्या किती, हे विचारण्याआधी ज्याला शील आठवते, त्याचा निम्मा अभ्यास झालेला आहे. उरलेला निम्मा आज आपण मिळून करू.

दुहैलमध्ये राहणाऱ्याला सैन्य ही फार लांबची गोष्ट वाटत नाही. आपल्या भागाचे नाव लावणारा फुटबॉल क्लब पूर्वी 'लेखविया' होता, म्हणजे इथल्या अंतर्गत सुरक्षा दलाच्या नावाचा. २०१७ साली त्यात 'एल जैश' हा क्लब मिसळला आणि 'अल दुहैल' हे नाव आले. 'जैश' म्हणजे फौज. आपल्या मुलांच्या वयाच्या कतारी तरुणांना राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. आपल्या मुलांवर तशी सक्ती कोणाचीच नाही. ती गेली तर स्वतःच्या इच्छेने जाणार आहेत, आणि म्हणूनच त्या इच्छेची तपासणी करायला हवी.

२०२५ सालातले दोन दिवस आठवा, असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ते पाहिले, त्यांना ते आठवावे लागत नाहीत. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी अल उदैद तळाकडे इराणची क्षेपणास्त्रे आली आणि ती आकाशात अडवली जाताना दोह्यातल्या कित्येकांनी खिडकीतून पाहिली. ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलचा हवाई हल्ला थेट दोह्यात झाला. त्यात जीव गेलेल्यांत कतारच्या सुरक्षा दलाचा एक जवानही होता. त्या दिवसांनी आपल्याला दोन गोष्टी एकदमच दाखवल्या. कोणीतरी पहाऱ्यावर जागे होते, म्हणून आपली मुले सुखरूप राहिली. आणि कोणीतरी कुठेतरी आदेश दिला, म्हणून ती घाबरून आईला बिलगली. दोन्ही ठिकाणी गणवेशातला माणूसच होता. लष्करी अधिकारी होणे म्हणजे या दोन्ही शक्यता एकाच खांद्यावर घेणे आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन सोपी उत्तरे मिळतात. दोन्ही तपासून पाहू.

पहिले उत्तर : "बिनधास्त जा, आपली परंपराच लढवय्यांची आहे." परंपरा खरी आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत आपले पूर्वज होते आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला. वडील रामजी सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. गावातल्या शाळेत ज्यांना उंबरठ्याबाहेर बसावे लागे, त्यांना पलटणीतल्या शाळेने अक्षर दिले, पगार दिला, निवृत्तिवेतन दिले, ताठ चालायला शिकवले. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भरती बंद झाली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर त्याविरुद्ध उभे राहिले. पुढे बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही याच रेजिमेंटचे.

पण या इतिहासाचा अर्थ नीट लावा. पूर्वजांसाठी सैन्य हे माणूस म्हणून जगण्याच्या फार थोड्या दारांपैकी एक होते. ते बंद झाले म्हणजे शाळा, भाकरी आणि मान, तिन्ही बंद झाले. बाबासाहेबांचा लढा ते दार उघडे ठेवण्याचा होता. दुहैलमध्ये वाढलेल्या आपल्या मुलीपुढे आज दहा दारे उघडी आहेत. दार उघडे असणे हा तिचा हक्क आहे. त्यातून आत जाणे हा तिचा निर्णय आहे. पूर्वजांनी हक्क मिळवून दिला, निर्णय मात्र ते आपल्या वतीने घेऊन गेलेले नाहीत.

दुसरे उत्तर : "बौद्धाने सैन्यात जाऊच नये, अहिंसा म्हणजे अहिंसा." हे उत्तर ऐकायला शुद्ध वाटते. परंतु ज्याच्या पहाऱ्याखाली आपण झोपतो, त्यालाच अधार्मिक म्हणायचे, यात प्रामाणिकपणा किती? तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार येतो. सैनिकाची नोकरी त्या यादीत नाही. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांचा उपासक झाला, तेव्हा त्यांनी त्याला घाई करू नकोस, नीट विचार कर, असे बजावले. सेनापतिपद सोड, असे सांगितल्याचा उल्लेख अंगुत्तर निकायातील त्या सुत्तात नाही. सम्राट अशोकाने कलिंगात एक लाख माणसे मारली गेल्याचे आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतः कोरून ठेवले, त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. तरी सैन्य बरखास्त केल्याचे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

मग धम्म सैनिकाला मोकळीक देतो का? तसेही नाही, आणि इथेच आपल्याला कटू भाग ऐकावा लागेल. संयुत्त निकायात योधाजीव नावाच्या एका लढवय्या गावप्रमुखाची कथा आहे. त्याने तथागतांना विचारले, की रणात लढता लढता मरणारा स्वर्गाला जातो असे आमचे जुने आचार्य सांगतात, ते खरे का? तथागत म्हणाले, हे विचारू नकोस. त्याने दुसऱ्यांदा विचारले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले : समोरचे मरोत, नष्ट होवोत, अशा हीन विचाराने ज्याचे चित्त त्या क्षणी भरलेले असते, त्याला स्वर्ग मिळत नाही, दुर्गती मिळते. योधाजीव रडू लागला. या उत्तरामुळे नव्हे, तर इतकी वर्षे आपल्याला फसवले गेले म्हणून.

या कथेतून दोन गोष्टी घ्या. एक, धम्म वीरमरणाचे गोड आश्वासन विकत नाही. दुसरी, तथागतांनी बोट ठेवले ते त्या क्षणीच्या चित्तावर. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार असाच केला. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे ते सांगतात. नियम माणसाला विचार करू देत नाही. तत्त्व प्रत्येक वेळी विचार करायला लावते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला. आणि 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात सिंह सेनापतीचा संवाद सांगताना त्यांचा मुद्दा हा होता, की न्यायासाठी आणि रक्षणासाठी, शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर बळ वापरावे लागू शकते, पण स्वार्थासाठी कधीही नाही.

आता सिद्धार्थाकडे वळा. बाबासाहेबांनी सांगितल्याप्रमाणे, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात वाद पेटला, तेव्हा संघाच्या सभेत सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्हीकडून माणसे निवडून चौकशी करा, तंटा मिटवा, असा पर्याय मांडला. बहुमत विरुद्ध गेले. सैन्यात नाव घालायलाही त्याने नकार दिला. आपल्या कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून गृहत्याग स्वतःवर ओढवून घेतला.

एक नकार देणारा सिद्धार्थ, एक पदावर असलेला सिंह सेनापती. आपल्या धम्मात दोघांनाही जागा आहे. म्हणून 'सैन्यात जावे की नाही' या प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देणार नाही. पण पुढचे चार प्रश्न मात्र प्रत्येक इच्छुकाने स्वतःला विचारावेत.

पहिला : मला काय हवे आहे? गणवेशाचा रुबाब, गावाकडचा सत्कार, नातेवाइकांत उंचावलेली मान, की खरोखर कोणाचे तरी रक्षण? थोडा रुबाब प्रत्येकाला आवडतो. पण तो काढून घेतला, तरी इच्छा उरते का ते पाहा.

दुसरा : माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष आहे का? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आपल्या फोनवर काय काय फिरत होते ते आठवा. दोह्यात आपण पाकिस्तानी टॅक्सीवाल्याच्या गाडीत बसतो, त्याच्या हॉटेलात चहा पितो, तो आपल्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी करतो. त्याच्या देशाच्या सैनिकापुढे उभे राहायची वेळ आली, तर हा चेहरा आठवेल का? आठवला, तर तुम्ही कर्तव्य कराल पण त्यात आनंद मानणार नाही. ज्याला तो चेहरा आठवणार नाही, त्याने अजून थांबावे.

तिसरा : मी 'नाही' म्हणू शकेन का? जवान आदेश पाळतो. अधिकारी आदेश देतो. तुमच्या एका शब्दावर तुमची माणसे पुढे जाणार आणि समोरचीही मरणार. भारतीय लष्करी कायदा आज्ञाभंगाला शिक्षा सांगतो, पण ती कायदेशीर आज्ञेच्या भंगाला. भारताने १९४९ चे जिनिव्हा करार स्वीकारलेले आहेत. जखमी शत्रू, शरण आलेला कैदी, निःशस्त्र गावकरी यांचे रक्षण हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. सगळी पलटण संतापलेली असताना कैद्यापुढे आडवे उभे राहण्याचे बळ ज्याच्यात आहे, त्याच्यासाठी पहिले शील रणांगणावरही जिवंत राहते.

चौथा : जे होईल ते मी वाहीन का? आदेश योग्य होता, युद्ध न्याय्य होते, तरी गेलेला जीव गेलेलाच असतो. सरकारने पदक दिले म्हणून कर्माचा हिशेब मिटत नाही. हे जड ओझे डोळे उघडे ठेवून, दारूत किंवा बढाईत न बुडवता वाहायची तयारी हवी.

हे प्रश्न आधीच विचारा, कारण नंतर मार्ग अवघड असतो. विनयपिटकात उल्लेख आहे, की सीमेवर बंड झाले तेव्हा बिंबिसाराचे काही सैनिक लढाई पापमय वाटून भिक्षू झाले. राजाने तक्रार केली आणि राजसेवेत असलेल्या सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला. आजही कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्याला मनात आले त्या दिवशी निघून जाता येत नाही. साडेसोळा ते साडेएकोणीस हे एनडीएचे वय. या वयात इतका मोठा शब्द द्यायचा असेल, तर घाई नको. पदवीनंतर सीडीएसचा मार्ग खुला राहतो. पुण्याच्या एएफएमसीतून डॉक्टर होऊन गणवेशातच जखमींची सेवा करता येते. आणि सर्व विचार करून कोणी 'मी जाणार नाही' म्हणाले, तर तो भित्रेपणा समजू नका. सिद्धार्थाला त्याच्या सभेत किती एकटे वाटले असेल, याचा विचार करा.

आईवडिलांनाही दोन शब्द. "इतकी वर्षे वाळवंटात राबलो ते तुला सीमेवर पाठवायला का?" हे वाक्य प्रेमातून येते, पण त्याने मुलाचा प्रश्न सुटत नाही, फक्त तो तुमच्यापुढे बोलायचा बंद होतो. तसेच "आमच्या खानदानात पहिला ऑफिसर" ही तुमची हौस त्याच्या खांद्यावर ठेवू नका. त्याला प्रश्न विचारू द्या. लढाई पाहिलेल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याशी त्याची भेट घालून द्या. पदकांच्या गोष्टींबरोबर झोप न लागलेल्या रात्रींबद्दलही विचारू द्या.

अर्ज भरण्याआधी एक महिना रोज संध्याकाळी वीस मिनिटे आनापान करा आणि त्यानंतर मैत्रीभावना. मैत्री देताना आधी स्वतःला द्या, मग आईवडिलांना, मग मित्रांना, आणि शेवटी ज्याला उद्या शत्रू म्हणावे लागेल अशा अनोळखी तरुणाला. त्याचीही आई घरी वाट पाहत असते. त्याच्यासाठी मंगल कामना करता आली आणि तरीही रक्षणाचे काम मला करायचे आहे, हे मनात स्थिर राहिले, तर निःशंक मनाने फॉर्म भरा. मन डळमळले, तर फॉर्म बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा बसा.

सर्वांचे मंगल होवो. सर्व सीमांच्या दोन्ही बाजूंचे मंगल होवो.

जय भीम! नमो बुद्धाय!