अन्नदाता कोण?

बाहेर जेवायला जाणे ही एके काळी आपल्या कुटुंबांत अपूर्वाईची गोष्ट होती. बाप्तिस्मा असो वा लग्न, पंगत घरच्या अंगणात बसे आणि वाढणारे हात ओळखीचे असत. आज नागभीडसारख्या गावची मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. सुटीत घरी आली की तेथील एखाद्या साध्याशा जपानी उपाहारगृहात काय खाल्ले, ते कौतुकाने सांगतात. वाडग्यातला चिकट भात, समुद्रशेवाळात गुंडाळलेली सुशी, चमच्याऐवजी दोन काड्या! कच्च्या माशाचे नाव निघताच आजी तोंड फिरवते आणि सगळे हसतात. परंतु या हसण्याआड एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. पैसे मोजून जेवणाऱ्या माणसाचे, बिल चुकते केल्यावर, कोणाचे काही देणे उरते काय?

व्यवहाराचे उत्तर सरळ आहे : काहीही उरत नाही. या उत्तरातही एक मोठेपणा आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. कोणी कोणत्या पंगतीला बसावे, हे आपल्या समाजात शतकानुशतके जन्मावरून ठरत आले. उपाहारगृहात मात्र दाम देणारा प्रत्येक जण सारखाच. जपानमध्ये १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ सरकत्या पट्ट्यावरून सुशी देणारे उपाहारगृह काढले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. थोड्या माणसांत काम भागू लागले आणि सुशी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. हे लहानसहान काम नव्हे.

तथापि त्या पट्ट्याने आणखीही एक गोष्ट केली. बशी समोर येते. ती कोणी पाठवली, ते दिसत नाही. देणारा अदृश्य झाला की घेणाऱ्याला आपण घेणारे आहोत याचाच विसर पडतो. जपानी रीत या विसराला अडवते. जेवणाआधी तेथे 'इतादाकिमासू' म्हणतात, म्हणजे 'मी नम्रपणे स्वीकारतो'. जेवण संपल्यावर म्हणतात 'गोचिसोसामा'. यातील 'चिसो' या शब्दाचा मूळ अर्थ धावपळ असा आहे. पाहुण्यासाठी अन्न जमवताना यजमानाने जी धावाधाव केली, तिचे स्मरण त्या शब्दात आहे. पैसे देऊन बाहेर पडणारे गिऱ्हाईकही आचाऱ्याला हा शब्द ऐकवून जाते. म्हणजे दाम दिले, तरी धावपळीचे ऋण शिल्लक आहे, अशी ती कबुलीच होय.

आपल्या मराठीतही जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि आपल्या घरांत ताटावर बसण्यापूर्वी आपण देवाचे आभार मानतो. पण शब्दाने ऋण फिटते काय? १९९३ साली जपानमध्ये उन्हाळा थंड गेला आणि भाताचे पीक बुडाले. बाहेरून २५ लाख टनांहून अधिक तांदूळ आणावा लागला. त्यात थायलंडचा लांब दाण्याचा, मोकळा शिजणारा तांदूळ होता. तो पुष्कळांनी नाके मुरडून बाजूला सारला. तोंडी 'नम्रपणे स्वीकारतो' हे शब्द असूनही परक्या शेतकऱ्याचे अन्न मनाने स्वीकारले गेले नाही. जपानी माणसाला दोष देण्याचे कारण नाही. सुशीचे नाव ऐकून तोंड फिरवणारे आपणही त्याच जातकुळीचे.

किंबहुना आपल्या दारचे उदाहरण अधिक बोचणारे आहे. आपल्याच नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी होते. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्यांचे बी वेगळे राखले आणि हंगामामागून हंगाम पेरून पारखले. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला, त्याला एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. हे वाण महाराष्ट्राबाहेरही पसरले. १९९८ साली कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्ध केलेले वाण 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने प्रसृत केले. २००५ साली दादाजींना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानही मिळाला. परंतु पैशाची विवंचना अखेरपर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तरी पोत्यांवर तिचेच नाव आहे, दादाजींचे नाही.

या तांदळाचे दाम आपण दिले नव्हते काय? दिले होते. पण ते दुकानदाराला पोचले आणि तेथेच आपल्या मनाने हिशेब मिटवला. परस्परसंमतीने ठरलेली मजुरीही कष्टकऱ्याच्या निर्वाहाला पुरत नसेल, तर ती न्याय्य नव्हे, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच बजावले होते. मजुरीला जे लागू, ते ताटातल्या घासाला का लागू नसावे? बिल हा व्यवहाराचा शेवट असेल, न्यायाचा नव्हे.

म्हणून बाहेर जेवू नये, असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी अवश्य जावे, काड्यांनी भात खाण्याची मजा घ्यावी. मात्र ताटात टाकू नये, परक्याच्या अन्नाला नाक मुरडू नये, आणि वाढणाऱ्या पोऱ्याकडे मान वर करून पाहावे. तोही कोणत्या तरी गावाहून पोटासाठी आलेला असतो. धानाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरला, तर महागाईची तक्रार करण्याआधी क्षणभर थांबावे. आणि घरी एचएमटीचे पोते उघडताना मुलांना सांगावे की हे नाव घड्याळाचे आहे. तांदूळ नांदेडच्या दादाजींचा.