वाटेवरची पाटी

दिवाळी आटोपली की पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुले कोणत्याच हिशेबात नसतात. भांड्याकुंड्यांसोबत ट्रॉलीत बसून ती निघतात आणि चार-सहा महिने फडातच राहतात.

प्रवासात मूल शिकते, असे आम्ही हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला मुलांना नेताना मोठ्या कौतुकाने म्हणतो. बारा वर्षांचा येशूही वल्हांडणासाठी आईबापांसोबत येरुशलेमला गेला होताच. पण तो प्रवास सणाचा, हा पोटाचा. फडात थोरली मुलगी वाढ्याच्या पेंढ्या बांधते, धाकट्याला सांभाळते. हेही शिक्षणच म्हणायचे, तर आपल्या मुलीसाठी ते आपण का निवडत नाही?

2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. कुठे साखरशाळा निघाल्या, कुठे गावाकडे हंगामी वसतिगृहे. वसतिगृहात ठेवले तर सहा वर्षांचे पोर हंगामभर आईवाचून झोपणार. हा पेच त्या माउलीनेच का सोडवावा? तिने तोडलेल्या उसाची साखर आमच्याही चहात पडते. लहानग्यांनी आईपाशीच असावे, शिक्षकाने कोपीपर्यंत जावे, असे आम्हांस वाटते. थोरल्यांविषयी मात्र आमच्यातही एकमत नाही.