संसाराआधीचे लग्न

जोडीदार तुरुंगात असताना, शिक्षेची बरीच वर्षे बाकी असताना लागलेल्या लग्नाला खरे लग्न म्हणावे का? एकत्र राहणे नाही, मूलबाळ नाही, सणवार नाहीत. तरीही ते खरे लग्न आहे, कारण विवाह वचनाने घडतो आणि संसार त्यानंतर येतो. शास्त्रकारांनी विवाहाची प्रयोजने धर्म, प्रजा आणि रती या क्रमाने सांगितली. गजांआड शेवटची दोन अडतात, पहिले अडत नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदाही, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण मानतो. जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध आला नाही तर विवाह रद्द करून घेता येतो हे खरे. पण ती तक्रार पतिपत्नींपैकीच कुणी करायची असते. उणीव सोसायची की नाही, हे तिसऱ्याने ठरवायचे नसते.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मात्र ते तुरुंगाधिकारी ठरवत. सबळ कारणाशिवाय कैद्याला लग्नाची परवानगी नसे, आणि सबळ कारण म्हणजे सहसा गर्भधारणा किंवा अनौरस मूल. तिथल्या एका तुरुंगाच्या अधीक्षकाची हरकतही मुख्यतः स्त्री कैद्यांच्या लग्नांना होती. पुरुषांच्या लग्नांना सहसा नव्हती. १९८७ साली ‘टर्नर विरुद्ध सॅफ्ली’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. परस्परांचा आधार, धार्मिक श्रद्धा आणि कायदेशीर हक्क हे विवाहाचे अंश कैदेतही टिकतात, असे न्यायालयाने म्हटले. लग्न कधी, कसे लावायचे यावरचे वाजवी निर्बंध मात्र तुरुंगाच्या हातीच ठेवले.

ज्याने दुसऱ्याचे घर उजाड केले त्याने बोहल्यावर चढावे, हे पीडितांना बोचणारच. पण विवाह हे बक्षीस असते तर तो रोखणे न्याय्य ठरले असते. विवाहात माणूस स्वतःला बांधूनही घेतो. कैद्याने जबाबदार व्हावे म्हणायचे आणि जबाबदारी घ्यायला मनाई करायची, हे विसंगत आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाहेरची स्त्री भुलवली गेली असेल, किंवा त्यागाच्या नावाखाली भरडली जाईल. इथे सावित्रीचा दाखला जपून द्यावा. सत्यवानाचे एकच वर्ष उरले आहे, हे नारदाने सांगितल्यावरही तिने त्यालाच वरले. तिची थोरवी त्या जाणत्या निवडीत आहे. म्हणून वधूला गुन्हा आणि शिक्षेची मुदत माहीत असावी, आणि तिचा होकार नातलगांच्या माघारी विचारला जावा. पुढे तिला नकोसे झाले, तर बाहेर पडण्याची वाटही हवी. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात सात वर्षे किंवा अधिक कैद भोगणाऱ्या जोडीदारापासून घटस्फोट मागता येतो. सुटकेची वाट माहीत असूनही जी थांबते, तिच्याच थांबण्याला धर्म म्हणता येईल.